पेन्सिलकाकांनी कापलेले शब्द

पेन्सिलकाकांना खरं नाव होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर आणि डॉक्टरांच्या कागदांवर उरलं होतं. बाकी सगळं जग, म्हणजे सहाशे बारा माणसं, त्यांना पेन्सिलकाका म्हणायचं. या माणसांपैकी जवळजवळ कुणालाच काकांनी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. ती सगळी एका ईमेल गटात होती, आणि त्या गटात यायची अट एकच होती: तुम्हाला कमी ऐकू यायला हवं.

काका ती अट चांगली भरभक्कम पूर्ण करत होते. छत्तीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात प्रुफं तपासली. त्यांचं टेबल आणि छपाईचं यंत्र यांच्यामध्ये एक लाकडी फळी होती, तीही अर्धीच. यंत्राने पुस्तकं छापली आणि काकांचे कान खाल्ले. निवृत्तीच्या दिवशी मालकांनी त्यांच्यावर दहा मिनिटं भाषण केलं. त्यातला 'पेन्सिल' हा एकच शब्द काकांना कळला, आणि तोही मालकांनी पेन्सिल वर धरून दाखवली म्हणून. उजवा कान तर गेलाच. डाव्यात मशीन बसवलं, तेव्हापासून बायको काय म्हणते ते साधारण कळू लागलं. हे 'साधारण' सोयीप्रमाणे कमीजास्त होतं, असं बायकोचं मत होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

गट त्यांनी निवृत्तीनंतर सुरू केला. ज्याचं जळतं त्याला कळतं, तशी कमी ऐकणारी माणसं भराभर येऊन मिळाली. तिथे कुणी कुणाला 'काय म्हणालात?' असं विचारत नव्हतं, कुणी तोंड फिरवून 'जाऊ द्या, काही विशेष नाही' म्हणत नव्हतं. सगळं लिहिलेलं, त्यामुळे सगळं ऐकू येणारं. सुरुवातीला एका फुकट्या जाहिरातवाल्याने धुमाकूळ घातला, तेव्हापासून काकांनी शिस्त लावली. सदस्य गटाच्या पानावर पत्र लिहायचा. ते आधी काकांच्या रांगेत थांबायचं. काका वाचायचे, मग सोडायचे. एकदा सोडलं की ते सदस्यच काय, बाहेरचा कुणीही वाचू शकायचा.

आता छत्तीस वर्षं प्रुफं तपासलेला माणूस पत्र नुसतं वाचून सोडेल का? मांजरापुढे दूध ठेवायचं आणि फक्त बघ म्हणायचं, यातलाच प्रकार. काका कॉम्प्युटरसमोर बसतानाही हातात पेन्सिल धरून बसायचे. आधी ते फक्त शुद्धलेखन बघत. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की या सगळ्या माणसांना एकच खोड आहे. प्रत्येक पत्राच्या सुरुवातीला 'मला वाटतं', मध्ये 'बहुधा', शेवटी 'चुकत असेन तर माफ करा'. ही खोड कुठून आली ते काकांना सांगायला नको होतं. आयुष्यभर चुकीचं ऐकून चुकीची उत्तरं दिलेली, त्यावर लोक हसलेले. मग माणूस प्रत्येक वाक्याआधी 'मला वाटतं'ची काठी टेकत टेकत चालायला शिकतो. काकांनी स्वतः तसं अर्धं आयुष्य काढलं होतं आणि त्यांना त्याचा मनापासून राग होता. इथे कोण हसणार आहे तुम्हाला, असं पुटपुटत ते या काठ्या काढून घ्यायचे. पत्र ताठ उभं राहायचं. लिहिणाऱ्यांची तक्रार नव्हती. आपण इतकं नेटकं लिहितो हे पाहून उलट त्यांना बरं वाटायचं. काकांनाही बरं वाटायचं. एकूण सगळे खूश होते, आणि सगळे खूश असले की गोष्ट कुठेतरी बिघडलेली असते.

नोटीस आली ती बुधवारी सकाळी अकराला. काकांच्या घरी दाराची बेल दाबली की स्वयंपाकघरात आणि बाहेरच्या खोलीत एकेक दिवा उघडझाप करायचा. तो तसा लागला, काकांनी सही करून जाड पाकीट घेतलं आणि उभ्या उभ्याच वाचलं. त्यात एक चूक होती, 'प्रतिष्ठा' शब्दातला ठ चुकला होता, आणि काकांची नजर आधी तिथेच गेली. मजकूर डोक्यात शिरायला दुसरं वाचन लागलं, आणि मग मात्र तोंडचं पाणी पळालं.

टपाल कचेरीसमोर कानाच्या मशीनचं एक दुकान होतं. त्या दुकानदाराने वकिलामार्फत लिहिलं होतं की, 'सुई' या टोपणनावाच्या सदस्याचं एक पत्र काकांच्या गटावर झळकलं आहे. ते पत्र नोटिशीत जसंच्या तसं दिलं होतं:

'टपाल कचेरीसमोरच्या दुकानातून मी कानाचं मशीन घेतलं. दुकानदाराने वापरलेलं मशीन नवं म्हणून दिलं. खोक्याची पट्टी आधीच उघडलेली होती. सर्वांनी सावध राहावं.'

सोबत कारखान्याचं पत्र जोडलं होतं की, त्या दुकानाला दिलेलं प्रत्येक मशीन कोरं करकरीत होतं. दुकानदाराने खोकं उघडलं ते गिऱ्हाइकाच्या कानाप्रमाणे मशीन जुळवून ठेवायला; प्रत्येक मशीनचं तसंच करावं लागतं. पत्र खोटं आहे, त्याने दुकानाची अब्रू गेली, तेव्हा पत्र काढा, माफी मागा आणि या 'सुई'चं खरं नाव आणि पत्ता द्या. नाहीतर लिहिणारी आणि गट चालवणारा, दोघांवर दावा.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण वकील घरातच असेल तर निदान तिच्या पायऱ्या चढता येतात. काकांची भाची वकील होती. तिचं ऑफिस दोन खोल्यांचं, खाली झेरॉक्सचं दुकान. मामाशी बोलताना ती आधी मोठ्याने बोलायची, मग भराभर बोलायची, आणि शेवटी वैतागून फोनवर टाइप करून दाखवायची. आज तिने सरळ फोनच घेतला.

पत्र आधी काढून टाका, तिने लिहिलं. काकांनी ते तिच्यासमोरच काढलं. मग तिने विचारलं की, पत्रं तुम्ही नुसती सोडता की त्यात हात घालता? का विचारते, तेही सांगितलं. "मामा, भिंतीवर कुणी काही लिहून गेलं तर लोक लगेच भिंतीच्या मालकाला धरत नाहीत. पण मालकाने ते वाचलं, सुधारलं आणि वरून रंग देऊन ठळक केलं, तर समोरचा म्हणणार की हे यानेच लिहिलं. कायदा सगळीकडे एकसारखा नाही, आणि कोर्ट काय म्हणेल ते मी छातीठोक सांगू शकत नाही. पण हात घातला नसेल तर आपली बाजू बरीच बरी आहे."

काका म्हणाले, "ऱ्हस्वदीर्घ बघतो."

हे खरं होतं. ऱ्हस्वदीर्घ ते बघतच होते. भाचीचा चेहरा उजळला. मग प्रश्नच मिटला, ती म्हणाली. बाईचे शब्द, बाईची जबाबदारी. तिने लिहिलेलं मूळ पत्र कुठे शिल्लक आहे का? काका म्हणाले, बघतो.

बघायची गरज नव्हती. रांगेत आलेली मूळ पत्रं नव्वद दिवस राहायची आणि नंतर आपोआप पुसली जायची. सदस्य पत्र थेट गटाच्या पानावर लिहायचे, त्यामुळे त्यांच्याकडे त्याची प्रत नसायची. घरी येऊन काकांनी तारीख मोजली. सुईच्या पत्राला शहाऐंशी दिवस झाले होते. त्यांनी ते उघडलं.

'मी चुकत असेन तर माफ करा. टपाल कचेरीसमोरच्या दुकानातून मी कानाचं मशीन घेतलं. मला वाटतं, दुकानदाराने बहुधा वापरलेलं मशीन नवं म्हणून दिलं असावं, कारण खोक्याची पट्टी आधीच उघडलेली दिसली. तो काहीतरी सांगत होता, पण मला नीट ऐकू आलं नाही. कुणाला असा अनुभव आला आहे का? मला वाटतं, आपण नीट विचारून घ्यावं.'

काकांनी ते तीनदा वाचलं. बाईने दुकानदारावर आरोपच केला नव्हता. तिने शंका विचारली होती, आणि ती शंका का असू शकते हेही प्रामाणिकपणे सांगितलं होतं. काकांनी त्यातून एकेक काठी काढून घेतली होती आणि शेवटी 'सर्वांनी सावध राहावं' हे स्वतःचं वाक्य चिकटवलं होतं. 'तो काहीतरी सांगत होता' हे वाक्य त्यांना फापटपसारा वाटलं होतं. हे केल्याचं त्यांना आठवतही नव्हतं, इतकं ते सहज झालं होतं.

आता गोष्ट अशी होती की, काकांना काहीही करायचं नव्हतं. खोटं बोलायचं नव्हतं, काही फाडायचं नव्हतं, पुसायचं नव्हतं. चार दिवस फक्त गप्प बसायचं. रविवार उलटला की मूळ पत्र आपसूक नाहीसं झालं असतं आणि सुंठीवाचून खोकला गेला असता. सुई अडकली असती, काका सुटले असते. गट राहिला असता, सहाशे बारा माणसं राहिली असती. आणि पत्र दाखवलं, तर सुई सुटली असती आणि दाव्यात काका एकटे उरले असते. सहाशे माणसांचं भलं पाहायचं की एकीचं, असा हिशेब काकांनी स्वतःपुढे मांडला. तो मांडताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली, पण मांडला खरा.

सुईला कळवणं भाग होतं. त्यांनी दोन ओळी लिहिल्या, नोटीस आली आहे, भेटू या. ती शनिवारी दुपारी अर्धा दिवस काम करून थेट आली. पस्तिशीची, बोटांना सुयांची भोकं पडलेली. एका इस्पितळाच्या कपडेखान्यात ती फाटलेल्या चादरी आणि रुग्णांचे झगे शिवायची. काम कंत्राटी होतं. तिथली मुकादमबाई पाठीमागून ओरडायची, आणि ते ऐकू येत नाही म्हणून सुईला दर महिन्याला काढून टाकायची भीती. मशीन घेतलं ते त्यासाठी. आता तिथे कोर्टाचा कागद पोहोचला तर मुकादमबाईला आयतंच कारण मिळणार होतं. हे सगळं तिने काकूंनी पुढे ठेवलेल्या वहीत लिहून सांगितलं. कमी ऐकणारी दोन माणसं समोरासमोर बसली की वहीच बरी पडते.

नोटीस तिने बोट ठेवून ठेवून वाचली. वाचून झाल्यावर काकूंची वही बाजूला सारली. तोंडाने म्हणाली, "मी लिहिलं तर मीच निस्तरणार, काका. माझं नाव देऊन टाका. तुम्हाला कशाला त्रास."

मग तिने पिशवीतून एक वही काढली. निळ्या पुठ्ठ्याची, शाळेतल्या मुलींची असते तशी. गटावर छापून आलेली आपली सगळी पत्रं तिने त्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून ठेवली होती. चौदा पत्रं. शाळा सातवीत सुटलेली, कारण बाईंचं बोलणं ऐकू येईना. पण आपल्याला लिहिता येतं हे गटामुळे कळलं, असं तिने सांगितलं. कधीकधी घरच्यांना वाचून दाखवते, म्हणाली. मग नोटिशीतल्या त्या पत्रावर तिने बोट ठेवलं.

"एवढं एकच कळत नाही," ती म्हणाली. "मी इतकं ठामपणे कसं काय लिहिलं?"

काकांना हे वाक्य मशीनशिवायही ऐकू आलं असतं. त्यांनी पेन्सिल उचलली, काकूंच्या वहीवर टेकवली आणि परत खाली ठेवली. सुईने चहा संपवला, काकूंना कप धुऊन देऊ का विचारलं आणि ती गेली.

काकूंना वाक्याच्या सुरुवातीला 'मी काय म्हणते' म्हणायची सवय होती. ते काकांना चाळीस वर्षांत कापता आलं नव्हतं. दार लागल्यावर त्या काकांसमोर खुर्ची ओढून बसल्या, तोंड समोर दिसेल अशा.

"मी काय म्हणते," त्या म्हणाल्या, "त्या पोरीचं तुम्ही काय घेतलंय?"

खाई त्याला खवखवे. काकांनी सांगून टाकलं. मूळ पत्र दाखवलं, छापलेलं दाखवलं, भाचीला काय सांगितलं तेही सांगितलं. काकूंनी दोन्ही वाचली. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा हे लहान निघालं आणि वाईटही निघालं. त्या म्हणाल्या, ती बाई स्वतःला खोटारडी समजत घरी गेली आहे, आणि तुम्ही तिला जाऊ दिलंत. एवढंच बोलल्या आणि भाजी चिरायला उठल्या. काकांनी मूळ पत्राच्या तीन प्रती छापल्या, आणि छापायचं यंत्र बंद करायलाही विसरले.

सोमवारची वाट न बघता त्यांनी भाचीला रविवारीच गाठलं. तिने दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली आणि डोक्याला हात लावला. हात दाखवून अवलक्षण करायचं ते याला म्हणतात, असं ती फोनवर टाइप न करता तोंडानेच म्हणाली, आणि काकांना ते स्वच्छ ऐकू आलं. हे समोर ठेवलंत तर ती बाई सुटेल आणि तुम्ही अडकाल, कळतंय ना? काका म्हणाले, कळतंय. मग रागावायचं सोडून तिने दोन्ही पत्रं फाइलमध्ये घातली. लहानपणी तिचे निबंध मामाच तपासायचा. त्यातही त्याने अशीच कात्री लावली होती आणि तिला बक्षीसही मिळालं होतं, हे बहुधा तिला आठवत असावं.

सुईला काकांनी त्याच दिवशी मूळ पत्र पाठवलं आणि सगळं लिहिलं. तिचं उत्तर आलं नाही. सोमवारीही आलं नाही. मंगळवारी सकाळी एकच ओळ आली: 'वहीतली बाकीची तेरा पत्रंही अशीच का?' काकांना या प्रश्नाची सगळ्यात जास्त भीती होती. त्यांनी लिहिलं, हो. 

मंगळवारी दुपारी भाची आणि काका दुकानात गेले. लांबलचक, अरुंद दुकान. काचेखाली मशीनं ओळीने मांडलेली, भिंतीवर कानाचं मोठं चित्र, मागे कापूस लावलेली एक बंद खोली ऐकण्याची तपासणी करायला. दुकानदार पन्नाशीचा, नाकावर चष्मा घसरलेला. काकांच्या मनात त्याचं चित्र एखाद्या खवीसाचं झालं होतं. पण तो उठला, दिव्याच्या उजेडात तोंड येईल असा उभा राहिला आणि ओठ मोकळे ठेवून, घाई न करता बोलला. कमी ऐकणाऱ्याशी कसं बोलायचं हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. काकांना आपल्या भाचीची जरा लाजच वाटली.

त्याने आधी आपलं सांगितलं. पत्र लोकांनी वाचलं, एकमेकांना दाखवलं. बावीस वर्षांपासूनची दोन गिऱ्हाइकं आपली मशीनं दुसरीकडे तपासून घेऊन आली. तोंडावर कुणी काही बोललं नाही, हे जास्त लागलं. म्हाताऱ्या वडिलांनी एकदा विचारलं, तू खरंच असं करतोस का रे? त्या रात्री ठरवलं की आता वकील. हे तो चढ्या आवाजात बोलला नाही, पण बोलताना काचेवरची बोटं दाबून धरली होती.

काकांनी मूळ पत्र त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "हे त्या बाईंचं. ते दुसरं माझं."

दुकानदाराने सावकाश वाचलं. 'तो काहीतरी सांगत होता, पण मला नीट ऐकू आलं नाही' या ओळीवर थांबला.

"सांगत होतो," तो म्हणाला. "पट्टी का उघडली तेच सांगत होतो. खाली मान घालून मशीन जुळवत होतो आणि सांगत होतो. बावीस वर्षं हेच काम करतो आणि मान वर केली नाही." मग चष्मा काढून तो काकांकडे वळला. "हे पत्र वाचलं असतं तर मी त्या बाईंना शोधून, समोर बसवून सगळं सांगितलं असतं. तुमचं वाचलं म्हणून वकिलाकडे गेलो."

काकांना वाटलं, यापेक्षा त्याने ओरडायला हवं होतं.

शेवटी ठरलं ते असं. बाईंचं नाव त्याला नको होतं. तिचं मूळ पत्र गटावर लावायचं, काकांनी खाली माफी मागायची, आणि यापुढे पत्रं सोडायचं काम काकांनी करायचं नाही. माफी वाचून तो ठरवणार, दावा करायचा की नाही. भाचीने बाहेर आल्यावर मामाला बजावलं की, त्याने नोटीस मागे घेतल्याचं लेखी दिल्याशिवाय सगळं कबूल करणारी माफी लिहायची नाही. लेखी कबुली म्हणजे आपल्याच हाताने त्याच्या हातात काठी देणं. मजकूर मीच करून देते, ती म्हणाली.

राहता राहिला गट. काकांनी सुईला लिहिलं की, हे काम तू घे. शब्द काढला की काय होतं हे सहाशे बारा माणसांत तुझ्याइतकं कुणाला कळलेलं नाही. ती नाही म्हणेल असं त्यांना वाटलं होतं. तिने एक दिवस घेतला आणि लिहिलं की घेते, पण माझी एक पद्धत राहील. मी कुणाचा एक शब्दही कापणार नाही. पत्र सोडेन, नाहीतर परत पाठवीन. काकांनी पासवर्ड पाठवला. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या रांगेत एकही पत्र नव्हतं, कारण रांगच नव्हती. ते पेन्सिलीला टोक करत बसले, आधीच टोक असलेल्या.

गुरुवारी भाचीचा मजकूर आला. काकांनी वाचला:

'सदर पत्र प्रसिद्ध करताना त्यातील काही शब्द अनवधानाने कमी झाले असण्याची शक्यता आहे. मला वाटतं, त्यामुळे दुकानदारांबद्दल कुणाचा गैरसमज झाला असल्यास त्यास मी काही अंशी कारणीभूत असू शकतो. तसे असल्यास मी दिलगीर आहे.'

काकांच्या हाताला खाज सुटली. छत्तीस वर्षांच्या नोकरीत असा मजकूर हाताखालून गेला असता तर त्यांनी लिहिणाऱ्याला बोलावून घेतलं असतं. पण हल्लीच हात भाजला होता, पोर वकील होती, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ते घाबरले होते. कोर्टात उभं राहायचं, न्यायाधीश काय विचारतात ते ऐकू यायचं नाही, लोक हसणार; हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. त्यांनी एकही शब्द न बदलता ते गटाच्या पानावर टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा काकांचं स्वतःचं पत्र दुसऱ्या कुणाच्या रांगेत जाऊन थांबलं.

सुईची सुट्टी साडेपाचला व्हायची. सहा वाजून दहा मिनिटांनी पत्र परत आलं. ती मॉडरेटर झाल्यापासून परत पाठवलेलं हे पहिलंच पत्र. खाली तिने लिहिलं होतं:

'काका, मी कापणार नाही म्हटलं होतं, म्हणून परत पाठवते. माझ्या पत्रात 'मला वाटतं' होतं, कारण मला खरंच माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत आहे.'

काकांनी ते वाचलं आणि मशीन कानातून काढून टेबलावर ठेवलं. घर एकदम शांत झालं. त्यांनी मजकूर कागदावर छापून घेतला, कारण हे काम पडद्यावर करण्यासारखं नव्हतं. पेन्सिलीने 'मला वाटतं' कापलं. 'असण्याची शक्यता' कापलं. 'अनवधानाने', 'काही अंशी', 'असू शकतो', 'तसे असल्यास' हेही एकामागून एक गेलं. भाची काय म्हणेल हे त्यांना माहीत होतं, आणि ती तेच म्हणाली, दुसऱ्या दिवशी, बराच वेळ. नोटीस मागे घेतल्याचं दुकानदाराचं पत्र पुढच्या आठवड्यात आलं. पण त्या संध्याकाळी ते येईल की दाव्याचा कागद येईल, काकांना काहीच कळायला मार्ग नव्हता. काकू मागे येऊन उभ्या राहिल्या, कागदाकडे बघितलं आणि 'मी काय म्हणते' न म्हणता गेल्या.

उरलं त्यात जे खरं घडलं ते घातलं, आणि सगळं मिळून तीन ओळी झाल्या. काकांनी ते टाइप करून पुन्हा पाठवलं:

'वरचं पत्र बाईंनी असं लिहिलं होतं. त्यातले शब्द मी कापले, 'सावध राहावं' हे मी घातलं, आणि त्यामुळे एका प्रामाणिक दुकानदाराची बदनामि झाली. चूक माझी आहे, आणि मी दोघांची माफी मागतो.'

सुईने ते पाच मिनिटांत सोडलं, जसंच्या तसं. 'बदनामी'तला एक वेलांटीचा दोष काकांच्या घाईत तसाच राहिला होता, तोही तिने हात न लावता जाऊ दिला.